नवाबाचं आवतण

माझ्या वडिलांचा लाडका मुलगा चार पायांचा होता.

हे मी रागानं म्हणत नाही. (रागानं म्हणायचं ते सगळं बारा वर्षांत बायकोला ऐकवून झालं आहे.) आबांना मुलं दोन. एक मी, वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दुसरा नवाब, पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा बैल. शेजारच्या हमीदभाईंच्या गाईचा हा गोऱ्हा माझ्या लग्नाच्या वर्षी आमच्या घरी आला आणि त्या दिवसापासून मी घरात पाहुणा झालो.

आबा म्हणजे मोजकं बोलणारा शेतकरी. पन्नास वर्षं कापूस आणि तूर पिकवली, धाकट्या भावंडांची लग्नं लावली, मला शिकवलं, पण कौतुकाचा शब्द काही तोंडातून निघाला नाही. मी दहावीला शाळेत पहिला आलो, तेव्हा निकालाचा कागद उलटसुलट बघून म्हणाले, "बरं हाय." नवाबानं पहिल्यांदा औत ओढलं त्या दिवशी मात्र गावभर सांगत फिरले, "वाघ हाय माझा, वाघ!" मला हाक मारायची तर "अय". नवाबाला मात्र "या, नवाबसाहेब".

माझ्या लग्नात तर कहर झाला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू आणि नवरदेवाचा बाप गायब! शोधाशोध झाली, तेव्हा कळलं की ऊन वाढलं म्हणून आबा नवाबाला पाणी दाखवायला गेलेत. शोभाच्या गळ्यात हार घालायला मला बैलाचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबावं लागलं. शोभा अजून विचारते, "त्या दिवशी मुहूर्त कोणाचा होता?"

पण माझा खरा जळफळाट व्हायचा तो पोळ्याला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आवतण देतात. दरवर्षी त्या संध्याकाळी माझा फोन वाजायचा. मी 'हॅलो' म्हणायच्या आत आबांचा खणखणीत आवाज यायचा, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

झालं! बैलाला केलेला मानपान मला फोनवरून ऐकवायचा, म्हणजे जखमेवर मीठच. मी मशीनच्या खडखडाटात ओरडायचो, "ऐकलं, आबा. बैलाला माझा नमस्कार सांगा."

तिकडे आबा खाकरायचे. मग, "सांगतो." फोन बंद.

पोळ्याला मी बहुतेक वर्षी गेलोच नाही. बैलाच्या पंगतीला आपण कशाला, हा माझा बाणा.

मागच्या हिवाळ्यात, शेवटचा कापूस घरात आला आणि आबा झोपेतच गेले. यंदाचा पोळा त्यांच्यावाचूनचा पहिला. आदल्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, म्हणून मी पोळ्याच्या सकाळीच शोभाला घेऊन गावी पोचलो. शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून मखमली झूल आणि गोंडे आणले होते. गावानं म्हणावं, पोरगं बापाच्या वरताण निघालं, एवढीच माझी इच्छा होती.

माय चुलीपाशी होती. म्हणाली, "औंदा आपल्याला सण नाय, पन त्याला हाय. पुरन त्याच्यापुरतंच घातलंय, आपल्याला भाकर. पन आधी तो जेवल, मग आपुन."

म्हणजे पुरणपोळीतही बैलच पुढे! गिळला अपमान. नवाबाला धुतलं, शिंगं रंगवली, झूल घातली, पूजा केली आणि पोळी तोंडापुढे धरली. नवाबानं मान फिरवली. मी दुसऱ्या बाजूला गेलो. त्यानं मान पहिल्या बाजूला फिरवली. बाजूचा कडबा मात्र आरामात खात होता.

कुंपणापाशी माणसं जमू लागली. हमीदभाई म्हणाले, "बबनभाई, तुमच्या अंगाला कंपनीच्या ऑइलचा वास येतो. आबांचे कपडे घाला, मग बघा."

अक्कल गहाण टाकून मी आबांचं धोतर नेसलो, सदरा चढवला, टोपी घातली. (धोतर मी जन्मात कधी नेसलो नव्हतो.) नवाबानं कान टवकारले, हुंगत हुंगत जवळ आला, प्रेमानं टोपी चाटली. मी विजयानं पोळी पुढे केली. त्यानं पोळी सोडली आणि धोतराचा सोगा तोंडात धरला! मी मागे सरलो, धोतर तिथंच राहिलं. सगळ्या गल्लीसमोर मी टोपी, सदरा आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी अशा थाटात उभा. शोभा मोबाइलवर शूटिंग करत होती.

"अब बस करो," हमीदभाई डोळे पुसत म्हणाले.

दुपार टळली. पोटात कावळे ओरडत होते. शेवटी माय गोठ्यात आली आणि म्हणाली, "काल आवतन कोन दिलं त्याला?"

मी शोभाकडे बघितलं, शोभानं माझ्याकडे.

"तो मान घरच्या कारभाऱ्याचा. आता कारभारी तू. तुझी वाट बघत काल अंधार पडंपतोर मी इथं हळद-लोनी घेऊन बसले. बिगर आवतनाचा कसा जेवल त्यो?"

"मग आबांसारखा फोन करायचा ना मला," मी चिडून म्हणालो. "ते दरवर्षी बैलाला आवतण देताना मला ऐकवायचे."

माय माझ्याकडे बघतच राहिली. "नवाबाचं आवतन तिन्हीसांजेला इथंच व्हायचं. मग ते घरात यायचे, हात धुवायचे, डोक्यावर टोपी घालायचे अन् तुला फोन लावायचे. उघड्या डोक्यानं आवतन कसं द्यावं म्हनायचे. ते तुला असायचं, बबन."

"मला? मग 'घ्या' अन् 'या' कशाला?"

"आवतनात कोनी अरे-तुरे करतं व्हय?"

डोक्यावरची टोपी एकदम जड झाली. बारा वर्षं माणूस टोपी घालून मला जेवायला बोलवत होता आणि मी बैलाला नमस्कार सांगत होतो. मला रडू आलं, ते लपवायला मी नवाबाच्या खांद्याला हळद-लोणी चोळू लागलो. कानाशी वाकून कसंबसं म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

नवाबानं उद्याची वाट बघितली नाही. त्याच्यासाठी वाढलेल्या ताटात तोंड घातलं आणि अकराच्या अकरा पोळ्या संपवल्या. माझ्या ताटात भाकर पडली. मीही मुकाट्यानं खाल्ली.

आवतण कोणाला असतं, हे नवाबाला पहिल्याच पोळ्याला कळलं. मला बारा पोळे लागले. आणि तरी आमच्या घरात बैल त्यालाच म्हणतात!