दुसऱ्या पावडरीचा डबा

अमिरातीतल्या फुजैरात विजयकुमार कारखानीसांना ओळखणारे पुष्कळ, पण त्यांच्या दाराची बेल वाजवणारं कुणी नाही. तेलाच्या टर्मिनलवर टाक्यांची मापं घेण्यात त्यांची उमर गेली. मुलगी आभा टोरांटोत. तिच्या बाळंतपणाला म्हणून बायको मंजुषा सहा महिन्यांसाठी गेली आणि नातवाच्या मागे धावता धावता तिकडचीच झाली. फोन केला की आभा म्हणते, "बाबा, आय विल कॉल यू बॅक." म्हणते मनापासून. पण ते 'बॅक' काही येत नाही.

माणूस एकटा पडला की जग त्याला सल्ले देतं. कुणी म्हणालं चाला, कुणी म्हणालं सत्संगाला या. विजयकुमारांनी दोन्हीला नमस्कार केला आणि शहराबाहेरच्या नेमबाजी क्लबात नाव घातलं. पिस्तुलाचा नेम त्यांचा बेताचाच. पण क्लबाला पुढे सरावाची काडतुसं स्वतःच भरण्याचा परवाना मिळाला, तेव्हा शस्त्रागार सांभाळणाऱ्या उझैरला इंग्रजी पुस्तकं नीट वाचणारा जोडीदार हवा होता. यांनी हात वर केला. अर्ज, तपासणी, प्रशिक्षण सगळं झालं आणि शनिवारला एकदम अर्थ आला.

उझैर पाकिस्तानातल्या झेलमचा, सैन्यातून निवृत्त झालेला. पहिल्याच दिवशी विजयकुमार इंटरनेटवरून काढलेल्या, काडतुसं भरण्याच्या मापांच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन हजर झाले. छापील, रंगीत, क्लिपा लावलेला. उझैरने तो दोन बोटांनी उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात सोडला.

"विजय साहब, यह जिस बंदे ने लिखा है, उसकी उँगलियाँ कभी गिनी हैं आपने?"

विजयकुमारांच्या कानशिलाची शीर ताडताड उडाली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा कागद असा कुणी टाकला नव्हता. पण उठून जायचं कुठे? घरी? बसले.

मग पुस्तकं मागवली. एक गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचं, एक काडतुसात घालायची दारू, म्हणजे पावडर, बनवणाऱ्यांचं, दोन्ही ताज्या आवृत्तीची. विजयकुमारांनी रात्री जागून ती लग्नाच्या पत्रिका जुळवाव्यात तशी जुळवली आणि शनिवारी तावातावाने आले.

"एकच गोळी, एकच पावडर, आणि दोन पुस्तकांत दोन आकडे! ह्यात खोटं कोण बोलतंय?"

"कोई नहीं. इसकी बंदूक की नळी अलग, उसकी नळी अलग." उझैरला इतक्या वर्षांच्या मराठी शेजाराने थोडी मराठी लागली होती, ती तो मधेच पेरायचा. "दोनों पढ़ो. छोटे आकडे से शुरू करो. ऊपर जाने की जल्दी जिसको है, वो सीधा ऊपर जाता है."

पावडर निवडतानाही तेच. विजयकुमारांनी हिशोबी माणसाला शोभेल अशी निवडली होती: चिमूटभर घातली की काम होतं, डबा दोन वर्षं पुरतो. उझैरने मान हलवली. चिमूट काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या तळाशी दिसतच नाही, चुकून दोनदा पडली तरी वरून कळत नाही. नवशिक्याने अशी घ्यावी जी पुंगळी बरीचशी भरते. दोनदा पडली तर उतू जाते, आंधळ्यालाही समजतं. हे विजयकुमारांना पटलं. ज्या चुकीचा बोभाटा होतो ती चूक बरी, हे त्यांना आयुष्यात आधी कुणी सांगितलं नव्हतं.

शेल्फावर मग दोन पावडरी राहिल्या. एक ही नेहमीची, एक उझैरने तुलनेसाठी आणलेली. विजयकुमार शनिवारची वाट बघू लागले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, माहेरी निघाल्यासारखे निघायचे.

आता मराठी घरातली एक खोड सांगितली पाहिजे. आपल्याकडे डबा कधी मरत नाही. श्रीखंडाच्या डब्यात मेतकूट, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, दुधाच्या पावडरच्या डब्यात भाजणी. मंजुषाचं स्वयंपाकघर असंच होतं, आणि ती गेल्यावर विजयकुमारांनी ते तसंच चालवलं होतं.

एका शनिवारी आवराआवर करताना त्यांना दिसलं, तुलनेच्या पावडरच्या डब्याचं झाकण तडकलंय. शेजारी नेहमीच्या पावडरचा एक रिकामा डबा होता, झाकण कसं घट्ट. उझैर नमाजाला गेलेला. विजयकुमारांनी रिकामा डबा कोरड्या फडक्याने पुसला, पावडर त्यात ओतली, तडकलेला फेकून दिला. वर चिकटपट्टी लावून वळणदार अक्षरात लिहिलं: 'दुसरी पावडर'. आणि घरी जाताना त्यांना आपलंच कौतुक वाटलं.

पुढच्या शनिवारी ते पोचले तेव्हा उझैर उभा होता. टेबलावर तो डबा उघडा. काडतुसं भरायच्या यंत्राच्या नळकांड्यात थोडी पावडर ओतलेली.

"यह आपने भरा?"

"हो. झाकण तुटलं होतं."

"डब्बा रोज़ वाली का देखा, मैंने डाल दी थी." आवाज चढलेला नव्हता. "दाना बारीक लगा, तो हाथ रुक गया. यह वाली तेज है, साहब. रोज़ वाली के माप से भरता, तो किसी का हाथ जाता."

चूक कळली होती. पण माणूस चुकला की आधी त्याचा अभिमान बोलतो.

"वर नाव लिहिलं होतं ना मी. डोळे होते ना तुम्हाला?"

उझैरने डबा फिरवून चिकटपट्टी त्यांच्यासमोर धरली. "मराठीत बोलायला थोडं येतं मला. पढ़ना नहीं आता. इस कमरे में किसी को नहीं आता. आपने यह किसके लिए लिखा था?"

कुणासाठी लिहिलं होतं ते विजयकुमारांना ठाऊक होतं. ती माणसं टोरांटोत झोपलेली होती.

उझैरने दोन्ही डबे, नळकांड्यातलं सगळं, नष्ट करायला वेगळं काढलं. कशात काय मिसळलं असेल याची खात्री उरली नव्हती. मग म्हणाला, "यह सीजन खत्म होने तक भरने वाले टेबल को हाथ नहीं. आना है तो आओ, फर्श की पीली लाइन के बाहर बैठो."

विजयकुमारांनी खोलीचं दार उघडायचं कार्ड टेबलावर आपटलं. "मी काय प्रेक्षक आहे?" म्हणाले आणि निघाले. गाडीत बसेपर्यंत मान ताठ होती. पुढे होर्मुझकडे निघालेली जहाजं नांगर टाकून उभी दिसली, तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तशीच ठेवली. संध्याकाळी आभाचा फोन आला, कधी नव्हे तो तिच्याकडून.

"बाबा, ऑल ओके? हाउज युअर क्लब थिंग?"

"छान," ते म्हणाले. "मस्त चाललंय."

सात दिवस ते स्वतःशी भांडले. एक मन म्हणे, थुंकलेलं चाटायचं नाही. दुसरं काहीच म्हणत नव्हतं, फक्त शनिवार मोजत होतं.

शनिवारी ते गेले. पिवळ्या रेषेबाहेर एक खुर्ची होती. ती आपल्यासाठी ठेवलीय की नेहमीच असते, हे विचारायची हिंमत झाली नाही. उझैरने मान हलवून सलाम केला आणि कामाला लागला. काडतुसं भरणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम. आतून काम करताना ही शांतता त्यांना कधी जाणवली नव्हती. हातात पुंगळी असली की शांतता भरलेली असायची. इकडून ती नुसतीच शांतता होती. विजयकुमारांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उझैरच्या पाठीकडे बघत बसून राहिले.