वीबकेबाईंच्या लाल झेंड्या

जून लागला आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला स्ट्रॉबेरीचा वास येऊ लागला, की वीबकेबाई हाउकेच्या शेताच्या फाटकात येऊन उभ्या राहतात. शेत हाउकेचं, रोपं हाउकेची, पण सऱ्या बाईंच्या. लोकांनी मुलाबाळांसकट यायचं, स्वतःच्या हातांनी फळं खुडायची आणि घरी न्यायची, असं हे शेत आहे. कुणी कुठल्या सरीत बसायचं ते गेली एकतीस वर्षं बाई सांगतात. उंच, ताठ बाई, अंगात निळा एप्रन. शेतातून चालत निघाल्या की बुजगावणंसुद्धा जरा सरळ उभं राहिल्यासारखं दिसतं.

प्रत्येक सरीत एक लाल झेंडी असते. खुडत पुढे सरकायचं, झेंडी बरोबर सरकवायची आणि घरी जाताना जिथं थांबलो तिथं रोवून जायचं. पुढच्या माणसाने तिथून सुरुवात करायची. एकदा आमच्या चर्चच्या पाद्र्यांनी शेजारच्या सरीतली एक टपोरी स्ट्रॉबेरी सहज तोडली. बाईंनी ती त्यांना परत त्याच रोपाखाली, अंथरलेल्या गव्हाच्या काडावर ठेवायला लावली. पाद्र्यांनी ठेवली, वर रोपाची माफी मागितली. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही.

फाटकावर नियमांची पाटी आहे, बाईंनी स्वतः रंगवलेली. पाचवा नियम असा, की जो झेंडी उपटेल त्याने त्या दिवसापुरतं शेताबाहेर जावं. या नियमाखाली आजवर एकच माणूस बाहेर गेलं होतं. ती बाईंची मुलगी, इंकेन. तेव्हा सात वर्षांची होती. बाहुलीला पांघरूण हवं म्हणून तिने झेंडी उपटली, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याकडेच्या बाकावर एकटी बसली. आई आत सऱ्या वाटत राहिली.

पुढे इंकेन हाम्बुर्गला गेली, लग्न झालं, दोन मुलं झाली. नाताळात येते, कॉफी पिते, जाते. शेतात मात्र सव्वीस वर्षांत तिने पाय ठेवला नव्हता. या वर्षी बाईंनी फोनवर फार मन वळवलं, तेव्हा ती म्हणाली, एकदा आणते मुलांना. कसं होतं ते बघू, मग पुढच्या उन्हाळ्यांचं ठरवू. बाईंनी हे बेकरीत सांगितलं, म्हणजे गावभर सांगितलं. नातवंडांसाठी त्यांना तिसरी सरी हवी होती, खाडीच्या बाजूची, सगळ्यात गोड. पण सरी राखून ठेवणं नियमात बसत नाही. म्हणून त्या शनिवारी बाई पहाटेच येऊन रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या, आणि आठ वाजता फाटकाच्या आत जाऊन तिसरी सरी स्वतःच स्वतःला दिली.

मी एकोणिसाव्या सरीत गुडघ्यांवर होतो. आभाळात चंडोल गात होता, काडाला ऊन लागून गोडसर वास सुटला होता. शेतात चाळीसेक कुटुंबं होती. इंकेनचा मोठा, बोस्से, एका जागी बसून मुकाट्याने खात होता. खाण्याला पाटीवर बंदी नाही. धाकटी येट्टे चार वर्षांची. आईने तिच्या हातात बादली देऊन सांगितलं, लाल दिसेल ते गोळा कर, हिरव्याला हात लावू नकोस.

मुलगी आज्ञाधारक. ती सऱ्या ओलांडत निघाली. आम्ही सगळे आपापल्या सरीत मान खाली घालून बसलेले, दुसऱ्याच्या सरीत बघायचं नाही ही इथली रीत. माझ्यापाशी आली तेव्हा मला वाटलं, बाईंनीच पाठवली असेल. तिला माझी झेंडी निघेना, काठी खोल रुतली होती, तर मी ती काढून दिली.

अशी बादली भरून ती आजीसमोर उभी राहिली. “आजी, बघ. एकही हिरवी नाही.”

बादलीत अडतीस झेंड्या होत्या.

एकेक माणूस उठून उभं राहिलं. पायाशी लालभडक फळं लोंबत होती, पण झेंडी नाही तर ती कुणाची? दातांच्या डॉक्टरांचा हात तोंडाजवळ थांबला तो तिथंच राहिला. एकाने बायकोला विचारलं, आपण अजून अकराव्या सरीतच आहोत ना. ती म्हणाली, तसं खात्रीने सांगता येणार नाही. हाउके ट्रॅक्टर घेऊन आला, इंजिन बंद केलं, काय झालं ते ऐकलं, आणि स्वतःच्याच शेतात आमच्यासारखा उभा राहिला.

बाई फाटकाशी गेल्या. स्वतः रंगवलेली पाटी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली.

“राहू दे वीबके,” हाउके म्हणाला. “पोर आहे.”

“पाटीवर पोरांचं वेगळं काही लिहिलेलं नाही.” बाई नातीपुढे वाकल्या. “येट्टे, तुला बाहेर जावं लागेल. त्या बाकावर.”

“एकटी?”

तिसऱ्या सरीत इंकेनने टोपली खाली ठेवली, बोस्सेचा हात धरला आणि निघाली. मी मनात म्हटलं, संपलं. आता गाडी, हमरस्ता, हाम्बुर्ग.

“एकटी नाही,” बाई म्हणाल्या. “सहावा नियम. दहा वर्षांखालचं मूल बाहेर एकटं बसणार नाही. सोबत घरचं माणूस.” त्यांनी एप्रन सोडला, ट्रॅक्टरच्या चाकावर टाकला, आणि हंगामाच्या ऐन मध्यावर नातीचा हात धरून शेताबाहेर गेल्या.

इंकेन फाटकाशी थांबली. सहावा नियम बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगात आहे, उरलेल्या जागेत दाटीवाटीने लिहिलेला. आम्हा सगळ्यांना तो पाठ आहे. तिने तो पहिल्यांदाच वाचला.

“हे कधी लिहिलंस?”

“त्याच वर्षी. हंगाम संपल्यावर.”

“मला बोलली नाहीस कधी.”

“तू शेतात आली नाहीस.”

इंकेन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. येट्टे मधे बसून पाय हलवत होती, बोस्से गवतावर पोट धरून पसरला होता. तेवढ्यात डॉक्टर कुंपणापाशी गेले आणि अदबीने विचारू लागले, की हातातली ही एक खावी की ठेवावी. बाई म्हणाल्या, मी आज आत नाही, मला विचारू नका. डॉक्टर परत आपल्या जागी आले. आम्ही हाउकेला विचारलं. तो म्हणाला, मी फक्त पिकवतो.

बऱ्याच वेळाने इंकेन म्हणाली, “उद्या किती वाजता उघडतं?”

“आठला. रांग साडेसातपासून असते. लवकर या.”

“तू पण रांगेत असशील?”

बाईंनी थोडा विचार केला. “तुमच्या मागे उभी राहीन,” त्या म्हणाल्या.