बापूकाकांचा चार वाजताचा फोन

आधीच माफी मागतो. बापूकाकांवर लिहायला त्यांच्या बरोबरीचं कुणीतरी हवं होतं. भट्टीवर त्यांच्याबरोबर धूर खाल्लेलं, निदान त्यांचं तरुणपण पाहिलेलं तरी. मी त्यांचा पुतण्या. धाराशिवला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळं लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून वीजबिलाच्या तक्रारीपर्यंत लिहायचं काम निघालं की ते माझ्याकडं येतं. हे मात्र मला कुणी सांगितलेलं नाही. मीच लिहायला बसलोय, आणि त्यामागचं कारण काही फार चांगलं नाही. मला काकांचा हेवा वाटायचा. माणूस गेल्यावर हेवा तरी उरत नसेल असं वाटलं होतं... पण तो उरला.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी लायब्ररीत होतो. फोन आवाज बंद करून पुस्तकाखाली ठेवला होता. अश्विनी ऑनलाइन आहे का एवढंच बघायला तो उचलला, तर घरून आलेले कितीतरी कॉल. वडिलांना लावला. ते म्हणाले, "संदीप, बापू गेला. भट्टीवरच. निघ." दुपारचं दूध कढईत आटत होतं, छातीत कळ आली म्हणून काका शेजारच्या बाजेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. धावपळीत कढई उतरवायचं कुणालाच सुचलं नाही. मी एस.टी.नं ईटला पोहोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासून करपलेल्या दुधाचा वास येत होता. काकांनी उभ्या जन्मात कधी खवा लागू दिला नव्हता. तो वास नाकात गेला आणि तेव्हा मला रडू आलं.

आमच्याकडं भूम तालुक्यात गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत. आता बऱ्याच ठिकाणी कढईत मोटारीवर फिरणारं यंत्र बसवलंय, पण काका शेवटपर्यंत हातानंच हलवायचे. दूध एकदा आटायला लागलं की हात थांबवता येत नाही, जागेवरून उठता येत नाही, म्हणून काकांशी बोलायचं तर भट्टीपाशी जाऊन बसावं लागायचं. ते समोर बघतच बोलायचे. त्यामुळं अवघड गोष्टी त्यांना सांगणं सोपं जायचं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी असाच तिथं बसलो होतो. अश्विनी माझ्याबरोबर कॉलेजात होती, मग नर्सिंग करायला पुण्याला गेली. सुरुवातीला आम्ही रोज बोलायचो. पुढं पुढं मी लावला की एक बाई सांगायची, ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. काकांनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "कुणाची वाट बघायला रं?"

"कुणाची न्हाय."

"मग त्या फोनकडं काय असं बघतूस? अंडं घालंल का त्यो?"

आत पातेली घासणारी काकू हसली. मी मग सांगून टाकलं सगळं. ती दुसऱ्या कॉलवर असते असं मी म्हणताच काकांचा हात कढईत क्षणभर थांबला. मी तो थांबलेला पहिल्यांदाच पाहिला.

"एंगेज?" ते म्हणाले.

"व्हय."

"सांगा आता," आतून काकू म्हणाली. "चारचं सांगा की पोराला. किती दिवस झाले, कुणी ऐकाया न्हाय."

आमच्या घरात ही गोष्ट लपलेली नव्हती. काकांनी ती लग्नानंतर लगेच काकूला सांगितली होती, आणि काकूनं ती आयुष्यभर टोमण्यांसाठी वापरली. अनोळखी नंबरवरून फोन आला की काकू म्हणायची, "उचला, सास्तूरचा आसंल." काका हसायचे. काकूही हसायची, पण ती आधी फोन कुणाचा आहे ते बघून घ्यायची आणि मग हसायची.

गोष्ट अशी. त्र्याण्णवच्या भूकंपात सास्तूरची घरं पडली, तेव्हा तिथली सुनंदा नावाची मुलगी ईटला आमच्या गल्लीत मावशीकडं येऊन राहिली. गाव पुन्हा उभं राहीपर्यंत राहिली. ती मावशीकडून रोज दूध घेऊन भट्टीवर यायची, आणि काकांनी तिला खवा हलवायला शिकवलं. एवढंच मला माहीत आहे, त्याच्या आतलं काकांनी कधी सांगितलं नाही. पुढं तिचं घर बांधून झालं आणि ती परत गेली. ईट जिल्ह्याच्या या टोकाला, सास्तूर त्या टोकाला. मग फोन सुरू झाले. ईटमध्ये स्टँडजवळ एस.टी.डी. बूथ होता, काचेची केबिन, आत लाल आकडे पळणारं मीटर. सास्तूरला नव्या वसाहतीतल्या किराणा दुकानात एक फोन होता. बाजाराच्या दिवशी काकांना भट्टीवरून सुटता यायचं, म्हणून तो दिवस ठरला. वेळ ठरली चारची. तिकडच्या दुकानदाराला सुनंदानं सांगून ठेवलं होतं, चारला माझ्या मावशीचा फोन येतो, तेवढा मोकळा ठेवा. तो ठेवायचा. वडिलांचं औषध आणायच्या निमित्तानं ती यायची, आणि पाव तासात तिला घरी पोहोचावं लागायचं.

"काय बोलायचा तुमी?" मी विचारलं.

"काय न्हाय. दूध किती आलं, पाऊस पडला का. मागं लाईन उभी आसायची बाजारची माणसं, काचंतनं बघायची. काय बोलणार?" मग कढईचा काठ खरवडून म्हणाले, "पर आठवडाभर पुरायचं."

मला तिथंच हेवा वाटायला लागला. आठवडाभर पुरायचं... मी अश्विनीशी रात्री तासभर बोलायचो आणि सकाळी उठल्यावर पुन्हा रिकामाच असायचो.

पुढं एका बाजाराला दूध उशिरा आलं, आणि काकांना भट्टी सोडून जाता आलं नाही. फोन चुकला. पुढच्या बाजाराला त्यांनी बरोबर चारला लावला, तर एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. बाजारामुळं बाहेर रांग, दोन-तीनदा लावून झालं की बूथवाला बाहेर काढायचा, दुसऱ्यांना बोलू दे म्हणायचा. पुन्हा पाळी येईपर्यंत सुनंदा निघून गेलेली. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. आणि त्याच्याही पुढच्या. शेवटी एकदा उशिरा फोन लागला तेव्हा काकांनी सास्तूरच्या दुकानदाराला विचारलं, "चारला फोनवर कोण व्हतं हो?" तो म्हणाला, "सुनंदाच की. कानाला लावून बसली व्हती. आत्ता गेली."

"एक आठवडा चुकलो," काका म्हणाले. "एक आठवडा, संदीप. तेवढ्यात तिला दुसरा कुणी मिळाला."

त्यांनी तिच्या मावशीकडं निरोप दिला. तुझा फोन मोकळा झाला की कळव म्हणावं. तिकडून उत्तर आलं नाही. काकांनी पुन्हा चारला कधी फोन लावला नाही, आणि त्याच वर्षी परंड्याकडची मुलगी बघून आले. ती आमची मंगलकाकू.

"कोण होता तो?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. लई दिस त्याचाच इचार करायचो. तिच्याबी पेक्षा त्याचा जास्त. सायकलवाला आसंल, मास्तर आसंल, मिशी आसंल का नसंल..." कढईकडं बघत ते म्हणाले, "आजबी येतो डोक्यात कवा कवा. तू तसलं करू नगं. सरळ इचार तिला, कुणासंगं बोलत व्हतीस. टोमणा मारू नगं."

मी विचारलं. अश्विनी म्हणाली, "आईशी." खरं असेल. पण त्यानंतरही मी फोन हातात घेतला की आधी ती शेवटची कधी ऑनलाइन होती ते बघतो. एकदा मी तिला काकांची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, आपल्यालाही त्यातलं थोडं मिळेल. ती म्हणाली, "तुझ्या काकांनी अजून तिला मनात ठेवलंय. तू असतास तर त्याच दिवशी मला ब्लॉक केलं असतंस." नंतर ती दर फोनला काकांची चौकशी करायची. काकांचा खवा, काकांची काकू, काकांनी पुढं काय सांगितलं. पन्नाशीला आलेल्या, धुरानं डोळे लाल झालेल्या माणसावर मी जळत होतो. काकांजवळ एक मुलगी होती, पंचवीस-तीस वर्षं न दिसलेली, आणि एक शत्रू होता, कधीच न दिसलेला. माझ्याजवळ सगळं दिसत होतं आणि हाती काहीच नव्हतं. काकांना तर जळायलासुद्धा जास्त चांगलं मिळालं होतं, असं मला वाटायचं.

काकूचं जळणं वेगळं होतं. ते मला काका गेल्यावर कळलं. तेराव्याच्या दिवशी जेवणं उठली होती, आणि कुणाकुणाला कळवायचं राहिलं याचं बोलणं चाललं होतं. आमच्याकडं यात चूक झाली की माणसं वर्षानुवर्षं धरून ठेवतात. काकू भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सास्तूरला कळवलं का?"

वडील म्हणाले, "वहिनी, आता तिथं काय हाय आपलं?"

"तुमचं नसंल. त्यांचं व्हतं."

 मग तिनं माझ्याकडं बघितलं. "संदीप, तू कळव. तुझ्याजवळ समद्यांचे नंबर आसत्यात."

सुनंदाच्या मावशी आता थकल्या आहेत, त्यांच्या सुनेनं नंबर दिला. सुनंदा उमरग्याला दिलेली आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भट्टीच्या ओट्यावर बसून फोन लावला. काकू जवळ आली आणि म्हणाली, "स्पीकरवर लाव." मी लावला. तिनं पदर ओढून घेतला, समोर कुणी मोठं माणूस बसलं असावं तसा.

"मी ईटवरनं बोलतोय. बापूरावांचा पुतण्या."

"कोण बापू?" असं विचारलं तिकडून, पण ते ज्या आवाजात विचारलं त्यावरून कळलं की विचारायची गरज नव्हती. मी सांगितलं.  मग त्यांनी कधी गेले, काय झालं होतं, मुलंबाळं किती, सगळं विचारलं. खव्याचंच काम करत होता का, हेही विचारलं. मी सांगत गेलो. मला वाटलं, आता ठेवतील.

"तुला एक इचारू का, बाळा?" त्या म्हणाल्या. "आता त्यो न्हाय. कुणाचं काय बिघडायचं न्हाय."

"विचारा की."

"बाजारादिवशी चारला त्यो कुणासंगं बोलायचा?"

मला प्रश्नच कळला नाही. त्या पुढं बोलत राहिल्या. "कवाबी लावला तरी एंगेज. मावशीला इचारलं, तर मावशी म्हणली, व्हय, चारला आसतो की आत, काचंतनं दिसतो, फोन कानाला लावून. आन् वर मलाच निरोप पाठवतो, तुझा फोन मोकळा कर म्हणून. लई राग आला मला. मग कळलं, परंड्याकडची केली. तवा म्हणलं, हीच आसंल. हिच्यासंगंच बोलत आसंल. आजवर तिला शिव्या घालत आले, बघितलं न्हाय कवा तरी."

मी काकूकडं बघायचं टाळलं. काकूनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तोंडासमोर धरला.

"अक्का, म्या मंगल. परंड्याकडची."

काकूनं फोन तोंडाच्या आणखी जवळ नेला.

"आवो, आमच्या गावाला तवा फोनच नव्हता. लग्नाआधी म्या त्यांचा आवाज बी ऐकला नव्हता."

"मग कुणासंगं बोलायचा त्यो?"

"थांबा," काकू म्हणाली. "तुमी कशाला लावत व्हता त्यास्नी? फोन तर ह्येच करायचे ना तुमाला?"

"आधी त्योच करायचा," सुनंदाबाई म्हणाल्या. "एका बाजाराला त्याचा फोन आलाच न्हाय. म्या दुकानात बाकावर बसलेली, आन् समदी माणसं माझ्याकडं बघायली. कुणाच्या फोनची वाट बघती म्हणून. लई लाजल्यासारखं झालं. मग ठरवलं, आता वाट बघत बसायचं न्हाय, आपणच लावायचा. लावत बसलं की कुणी काय म्हणत न्हाय. तवापासनं म्याच लावायची, तुमच्या स्टँडजवळच्या बूथवर. चारला. बरोब्बर चारला, एक मिनिट मागंपुढं न्हाय."

काकू फोनकडं बघत राहिली. 

"ह्येबी बरोब्बर चारलाच लावायचे, अक्का," ती म्हणाली. "तुमालाच."