आधी व्हॉल्व्ह दाखवा

गच्चीच्या कोपऱ्यात पालापाचोळा कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, तो आपोआप साचतो. किस्स्यांचंही तसंच आहे. ऐंशीच्या दशकात भिलाईच्या टाउनशिपमध्ये मी मेंटेनन्स ऑफिसच्या कंप्लेंट खिडकीवर बसायचो. कोणाचा नळ गळतो, कोणाची मोरी तुंबली, सगळं आधी माझ्या कानावर पडायचं. त्यातले निम्मे किस्से एकाच माणसाचे, आमचे इनचार्ज देवतळे साहेब. चंद्रपूरकडचे, सडपातळ, खिशात कायम पाना. मला ते फार आवडायचे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कोणी मला पक्षपाती म्हणायला नको!

*

साहेब नवीन आले तेव्हा एका मोठ्या ऑफिसरच्या क्वार्टरचं छत दर पावसाळ्यात गळायचं. दर वर्षी आम्ही वर डांबर ओतायचो आणि दर वर्षी ते इमानेइतबारे गळायचं. बांधकामच निकृष्ट आहे म्हणून ऑफिसर वरपर्यंत तक्रार करायला निघाले होते.

साहेबांनी डांबराच्या ड्रमकडे पाहिलंसुद्धा नाही. शिडी लावून वर गेले, पाणी उतरायच्या पाइपाच्या तोंडात हात घातला आणि पानांच्या लगद्यातून एक मोजा ओढून काढला. खाली येऊन तो ऑफिसरसमोर धरला आणि शांतपणे विचारलं,

"जोडीतला दुसरा आहे ना घरात?"

तेव्हापासून पावसाळ्याआधी प्रत्येक गच्चीवरच्या पाइपांची तोंडं साफ करायची आणि मगच डांबराचं बघायचं, असा नियम झाला. आमच्या डांबराचा खप एकदम उतरला.

*

एकदा एक गृहस्थ सायकल दामटत खिडकीशी आले. घरात पाइप फुटला होता. धापा टाकत त्यांनी कंप्लेंट लिहवली, आम्ही फिटरला घेऊन पोचलो, तोवर त्यांच्या चपला पाण्यावर तरंगत फाटकापर्यंत आल्या होत्या. अंगणातल्या चेंबरमधला व्हॉल्व्ह बंद केला असता तर काही झालं नसतं. पण आपल्या अंगणात व्हॉल्व्ह आहे, हेच त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

साहेबांनी हे फार मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून कंप्लेंट कसलीही असो, घरात शिरताना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी व्हॉल्व्ह दाखवा." घरातल्या बाईच्या हातून तो बंद करवायचा, उघडवायचा, आणि महिन्यातून एकदा फिरवून पाहा, नाहीतर जाम होईल, असं बजावून मगच बाकीचं काम.

आमच्या लाइनीतल्या पहिल्या घरातल्या रामटेके वहिनींना हे काही पटलं नाही. त्यांचे मिस्टर रोलिंग मिलमध्ये शिफ्टला, घरचं सगळं वहिनींवरच. हे काम आमचं आहे का, असं त्यांनी तोंडावर विचारलं.

"पाणी तुमच्या घरात घुसते वहिनी, आमच्या ऑफिसात नाही घुसत," साहेब म्हणाले.

वहिनींनी पदर खोचला आणि व्हॉल्व्ह फिरवला. पुढे तर त्या इतक्या पटाईत झाल्या की शेजारणींना स्वतःच शिकवायला लागल्या. लोक एकमेकांची तब्येत विचारतात तसं साहेब रस्त्यात भेटले की विचारायचे, "व्हॉल्व्ह फिरवला का?"

*

एका क्वार्टरमध्ये भूत होतं. पहाटे भिंतीतून ठकठक आवाज यायचा. घरच्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली, तरी भूत वेळेवर हजर! साहेब पहाटेच जाऊन भिंतीला कान लावून बसले. पाणी सुटलं आणि ठकठक सुरू झाली. भिंतीवरचा पाइप सुटा होता, पाण्याच्या झटक्याने तोच भिंतीवर आपटत होता. एक क्लॅम्प ठोकला, भूत गेलं. निघताना घरच्या आजीबाईंनी विचारलं, लिंबू सोडू का आता?

साहेब म्हणाले, "राहू द्या. क्लॅम्प ढिला झाला तर तेच कामी येईन."

*

साहेबांकडे वशिला चालत नसे. बंगल्यावरून कितीही फोन येवोत, नळ नंबरानेच दुरुस्त व्हायचा. एक दिवस खिडकीपुढच्या रांगेत मला चक्क देवतळे काकू दिसल्या. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, आणि साहेबांनी त्यांना ऑफिसात कंप्लेंट लिहवून ये म्हणून सांगितलं होतं. मी ताडकन उभा राहिलो.

"बसा बसा," काकू म्हणाल्या. "तुमी उभे राहिले तर घरी मलेच ऐकावं लागते."

*

आणि हा सुनंदाच्या लग्नाचा. सुनंदा म्हणजे साहेबांची एकुलती एक. मे महिना. साहेबांचं क्वार्टर आमच्याच लाइनीत अगदी शेवटचं, उन्हाळ्यात तिथे नळाला करंगळीएवढी धार. वर्ध्याचं वऱ्हाड सकाळच्या गाडीने दुर्गला उतरणार, तिथून आंघोळी-नाश्त्याला थेट घरी. म्हणून टँकर सांगितला होता. तो आलाही. पण आदल्या संध्याकाळी दवाखान्याची पाण्याची लाइन फुटली, आणि साहेबांनी भरलेला टँकर दारातूनच तिकडे पाठवून दिला.

सकाळी ड्रम कोरडे. काकू मांडवात डोळे पुसत होत्या. आमचा फिटर हळूच म्हणाला, कोपऱ्यावरचा मोठा व्हॉल्व्ह थोडा फिरवतो, पलीकडच्या लाइनीचं पाणी इकडे येईल. तासाभराचा तर प्रश्न, कोणाला समजणार आहे?

"मले समजन ना," साहेब म्हणाले.

वऱ्हाड स्टेशनवरून निघाल्याचा निरोप आला. आणि नळातून एकदम धो धो पाणी सुरू झालं! काकूंनी हात जोडले. साहेबांचा मात्र चेहरा लाल झाला. अंगाला हळद तशीच, उचलली व्हॉल्व्हची चावी आणि मला म्हणाले, "चला भोयर. कोणं फिरवला ते पाहू."

कोपऱ्यावर गेलो. मोठ्या व्हॉल्व्हवर धूळ जशीच्या तशी, वर कोळ्याचं जाळं. त्याला कोणीही हात लावलेला नव्हता.

साहेब बुचकळ्यात पडले. परत येताना लाइनीतल्या पहिल्या घरापाशी थांबले. अंगणात रामटेके वहिनी चेंबरशेजारी स्टुलावर बसून तांदूळ निवडत होत्या. शेजारच्या अंगणात शेजारीण, तीही चेंबरशेजारीच. तिच्या पलीकडेही तसंच.

"वहिनी, पाणी येऊन राहिलं का तुमच्याकडे?"

"नाही भाऊ."

"मग कंप्लेंट कावून नाही लिहवली?"

"कंप्लेंट कायची? महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह फिरवून पाहा, असं तुमीच म्हणता ना? पाहून राहिलो." वहिनींनी सूप झटकलं. "जा तुमी. वऱ्हाडाच्या आंघोळी झाल्या का सांगा, मंग उघडतो."