रवा होता घरात

"काय नाय गं, रवा होता घरात," असं म्हणत काकू शिऱ्याची वाटी पुढे करायच्या, तेव्हा आम्ही शेजारणी ओळखायचो की बाई मनातून खूश आहेत. कशाने, ते विचारायचं नाही. नात वर्गात पहिली आली की शिरा. मुक्कामाला आलेली जाऊ एकदाची परत गेली, तरी शिरा. आनंद झाला असं तोंडाने म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, जरा लक्ष ठेवून बघा.

आमची गल्ली नाशिकरोडची. काकूंचे यजमान एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. आवाज मात्र अजून ड्यूटीवर. निवडणूक आली की ते ओट्यावरूनच कार्यकर्त्यांना शब्द देत, "घरातली सगळी मतं तुमची." आदल्या दिवशी जेवताना घरादाराला बजावत, वरून कितवं बटण. काकू वाढता वाढता मान डोलवत. लग्न झाल्यापासून त्यांनी काका सांगतील तिथंच मत दिलं होतं.

मागच्या लोकसभेला काकांचा उमेदवार थेट घरी चहाला आला. काका हवेतच होते. मीही मदतीला गेले होते. कप ठेवता ठेवता काकूंनी त्याला विचारलं, घोटीला बहिणीकडे जायची सकाळची पॅसेंजर बंद झालीय, ती परत कधी सुरू होणार? तो हसला, आणि काकांकडे वळून म्हणाला, बघू, करू काहीतरी.

संध्याकाळी काकू माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"विचारलं मी, अन् उत्तर ह्यांना दिलं."

एवढंच बोलून गेल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला धाकधूक वाटली.

मतदानाला शाळेतल्या रांगेत त्या माझ्या पुढे होत्या, ठेवणीतलं पातळ नेसून. पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेल्या त्या गेल्याच. मशीन वाजेना. अधिकारी म्हणाला, आजी, बटण दाबा.

"दाबते बाबा, पहिल्यांदाच दाबतेय," आतून आवाज आला.

रांगेतले लोक हसले. म्हातारीला सवय नसेल, असं त्यांना वाटलं. मी काही हसले नाही. मग ते मशीन चांगलं लांबलचक वाजलं, आणि मला तिथंच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बाहेर काकांनी विचारलं, दाबलं ना? त्या म्हणाल्या, दाबलं की. खोटं त्या कधीच बोलत नसत. शेजारी उभ्या असलेल्या सूनबाईंनी तेवढं तोंड फिरवून घेतलं.

निकालाच्या संध्याकाळी आम्ही सगळे काकांच्या टीव्हीपुढे. त्यांचा उमेदवार दुपारपासून मागे पडत होता, शेवटी पडलाच. पलीकडच्या गल्लीत फटाके सुरू झाले. काका सुतकी चेहऱ्याने म्हणाले, आपल्या घरची मतं तरी पक्की होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तुपात रवा भाजल्याचा वास आला. काकू वाट्या घेऊन बाहेर आल्या, वेलदोडा, बेदाणे, सगळा थाट.

"आज शिरा कसला?" काकांनी विचारलं.

"काय नाय, रवा होता घरात."

काकांनी दुःखात दोन वाट्या संपवल्या.

पॅसेंजरचं पुढे काय झालं म्हणाल, तर काही नाही. काकूंनी त्याबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही. पण त्यानंतर त्या ओट्यावर काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागल्या.

काकू गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. परवा महापालिकेचा निकाल लागला. काकांचा उमेदवार पुन्हा आपटला, आणि आत पुन्हा रवा भाजला जाऊ लागला. सूनबाईंनी सासऱ्यांपुढे वाटी ठेवली. काकांनी नुसतं वर पाहिलं.

"काही नाही बाबा, रवा होता घरात."

काका वाटीकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या फोटोकडे.

"म्हणजे तेव्हा पण?" त्यांनी विचारलं. सूनबाईंनी पुन्हा तोंड फिरवून घेतलं.

काका हसू लागले. हसता हसता डोळे पुसले, आणि वाटी सुनेकडे परत सरकवली.

"आधी तिच्यापुढे ठेव. ती जिंकली होती."