अवलंबितांचा रकाना

भोर घाटातलं प्रत्येक वळण हौशीरामभाऊंना डोळे मिटून ओळखू येई, पण त्या चार पानी फॉर्मनं त्यांना तीन दिवस बसवून ठेवलं. उभी हयात रेल्वेत गेली. आधी इंजिन चालवलं, शेवटी लोको इन्स्पेक्टर झाले आणि निवृत्तीनंतर लोणावळ्याचं क्वार्टर सोडून पवनानगरजवळच्या आपल्या घरी परतले. त्यानंतर लिहिण्याचं काम असं पडलंच नव्हतं. आता पडलं ते लेकीमुळं.

अपेक्षा सात वर्षांपासून पोर्तुगालमध्ये, पोर्तो शहरात राहत होती. तिची मुलगी चार वर्षांची झाली, तरी भाऊंनी नातीला एकदाही उचलून घेतलं नव्हतं. एकदा पोरीनं फोनच्या पडद्याला नाक लावून विचारलं, "आजोबा, तुम्ही फोनमध्येच राहता का?" अपेक्षा हसली. भाऊही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते गोठ्यात गेले आणि म्हशीपुढची वैरण उगाचच सारखी करत राहिले.

मग अपेक्षानंच शोधून काढलं, की निवृत्त माणसाला तिथं राहायचा परवाना मिळतो. अट एकच होती. दरमहा स्वतःची पेन्शन यायला हवी आणि ती तिथल्या किमान पगाराइतकी तरी हवी. तुमच्यावर आणखी कुणी अवलंबून असेल, तर त्याहून जास्त.

भाऊ कागद जमवायला लागले. पेन्शन मंजुरीचा हुकूम ट्रंकेत सापडला. लोणावळ्याच्या बँकेतून बारा महिन्यांचा उतारा घेतला. तिथल्या प्रतीक्षा नावाच्या मुलीकडं त्यांनी इंग्रजीत पत्र मागितलं, पेन्शन तहहयात मिळत राहील असं.

"आबा, नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलाय ना?"

"दिलाय की. तेव्हा जिवंत होतो, अजूनही आहे."

मुलगी हसली आणि तिनं पत्र टाईप करायला घेतलं. एवढे दिवस भाऊ त्या बँकेत नुसते पेन्शन काढायला जात. आता त्या उताऱ्यावरची प्रत्येक ओळ त्यांना नातीच्या दिशेनं एकेक पाऊल वाटत होती.

सगळे कागद घेऊन ते राजेंद्रकडं गेले. बाजारातल्या चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर राजेंद्र पासपोर्ट-व्हिसाची कामं करायचा. त्यानं उतारा पाहिला, गणकयंत्रावर बोटं चालवली आणि मान डोलावली.

"काठावर आहे भाऊ, पण बसतंय." मग तिसरं पान उलटून तो थांबला. "हे काय? अवलंबित व्यक्ती, शालन सखाराम घारे. दुसरं लग्न केलंत आणि आम्हाला जेवायला बोलावलं नाही?"

"वहिनी आहेत माझ्या. थोरल्या भावाची मंडळी."

"तुमच्याबरोबर येणार आहेत?"

"छे. पण माझ्यावरच आहेत ना. थोरला गेल्यापासून त्यांचं सगळं माझ्याकडंच असतं."

"मग म्हशीचंही नाव टाकायचं."

"टाकणार होतो. रकाना पुरला नाही."

राजेंद्र पोट धरून हसला. मग त्यानं फॉर्म टेबलावर ठेवला आणि समजावून सांगितलं. इथं नाव लिहिलं, की पेन्शनीत वाटेकरी आला. दोघांसाठी ही पेन्शन कमी पडते, अर्ज तिथंच परत येणार.

"खोटं लिहा असं नाही म्हणत मी. बायको, लहान मुलं, आईवडील, एवढेच त्यात येतात. नियमानं वहिनी तुमच्या कुणी लागत नाहीत."

फॉर्म पिशवीत घालून भाऊ पवनानगरच्या बसला बसले.

जमीन पवना धरणात गेली, तेव्हा सखाराम आणि शालनवहिनी दोघं धरणाच्याच कामावर माती वाहायला गेले होते. त्या मजुरीवर धाकट्या हौशीरामचं आयटीआय झालं. पुढं भाऊंची बायको निर्मला गेली, तेव्हा अपेक्षा नववीत होती. भाऊंच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. सखाराम तोवर वारला होता; वहिनी बोचकं घेऊन क्वार्टरवर आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीच्या वेण्या घालू लागल्या. अपेक्षा त्यांना मोठी आई म्हणते ती तेव्हापासून.

घरी चुलीवर तवा तापला होता.

"भाऊजी, तोंड का आसं पाडलंय?"

भाऊंनी सगळं सांगितलं. वहिनींनी भाकरी उलटली.

"मग काढा की नाव."

"असं कसं काढू?"

"पेनानं. आनखी कशानं काढत्यात?" त्यांनी मागं वळून पाहिलं. "पोरगी चार वर्सांची झाली. तुमच्यासाटी ती चारचीच ऱ्हानार हाय व्हय?"

"आणि तुम्ही?"

"मी जाईन सोमाटन्याला, संगीताकडं. पोटची लेक हाय माजी."

वहिनी आजवर संगीताकडं दोन रात्रींच्या वर कधी राहिल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हस वैरण खात नसंल म्हणून, पहिल्या बसनं परत. हे दोघांनाही माहीत होतं.

जेवण झाल्यावर भाऊंनी पट्टी घेतली. शालन सखाराम घारे या नावावर एक सरळ रेघ ओढली, शेजारी सही केली, तारीख घातली. रेल्वेच्या रजिस्टरात दुरुस्ती अशीच करायची असते. एकच रेघ, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते खाली वाचता येतं. नोकरीत त्यांनी कधी काही गिरवून मिटवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राजेंद्रनं कपाळाला हात लावला. "भाऊ, खाडाखोड चालत नाही."

"खाडाखोड नाही ही. दुरुस्ती आहे. सही केलीय."

"तुमच्या रेल्वेत चालत असेल. त्यांना कोरा लागतो." त्यानं नवा फॉर्म पुढं सरकवला.

भाऊंनी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पेन्शनीचा आकडा लिहिला. तिसऱ्या पानावर पेन थोडा वेळ कागदाच्या वरच राहिलं. खालच्या दुकानातून गूळ उकळल्याचा वास येत होता. नात फोनबाहेर कशी दिसेल, एवढंच त्यांनी मनात धरलं आणि लिहिलं, 'कोणी नाही.' रेघ ओढायलासुद्धा खाली काही उरलं नाही.

राजेंद्रनं पानं स्कॅन करून पाठवली. "गेलं. आता बोलावणं आलं, की मुंबईला जायचं."

स्टँडवरून भाऊंनी अपेक्षाला फोन लावला. ती रडत रडत हसली. "बाबा, तिची खोली रंगवतेय मी. अर्धी तुमची." आणि लगेच, "मोठी आई काय म्हणाली?"

"म्हणाली, जा."

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या.

"ग्येला का कागद?"

"गेला."

"बरं झालं. तितं थंडी लय आसंल." त्या उठून आत गेल्या.

भाऊ हातपाय धुऊन पाटावर बसले. त्यांना वाढल्याशिवाय आणि त्यांचं उरकल्याशिवाय वहिनी कधी जेवल्या नव्हत्या. क्वार्टरवर नाही, इथंही नाही. आज त्यांनी भाऊंचं ताट वाढलं, मग आपलंही वाढून घेतलं आणि समोर येऊन बसल्या.

भाऊ बघत राहिले.

"काय बगताय? गार व्हईल," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी मोडली.