मिसिसिपीत बांधलेली ओटी

इचोड्याच्या नाक्यावर हैदराबादची बस चहापाण्याला थांबली आणि माय तिथे उतरली. आदिलाबादहून तिथवर ती मला पोचवायला आली होती. पुढचा प्रवास तिला झेपणारा नव्हता, आणि इचोड्यात मावशीचं घर होतं. ढाब्यासमोर कापसाचे ट्रक रांगेनं उभे होते. ताडपत्रीतून सुटलेले पुंजके उडून तिच्या केसांवर बसत होते आणि ती सवयीनं ते टिपून मुठीत ठेवत होती. मग तिनं माझे दोन्ही हात ओढून घेतले, बोटं उलटीसुलटी करून पाहिली.

"पोरी, या बोटायले आता बोंड लागू देऊ नोको," म्हणाली. "माह्या हाताचं माह्यापाशीच राहू दे."

मी बरं म्हटलं. तेवढा एकच शब्द तिनं माझ्याकडून घेतला. ही एक्क्याण्णवची गोष्ट. नर्सिंग शिकून मी अमेरिकेला चालले होते, मिसिसिपी नावाच्या राज्यात. तिथे त्या नावाची नदी आहे एवढं मला ठाऊक होतं. तिथे कापूस पिकतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव भीमपूरकडचं, आंध्रातलं पण मराठी बोलणारं, आणि घर बौद्धवस्तीत. आजोबा पाटलाकडे सालदार, वर्षाच्या बोलीचे गडी होते आणि माय मजुरीनं कापूस वेचायची. लुगड्याचा पदर कमरेला बांधून त्याची ओटी करायची आणि तासात, कापसाच्या ओळीत, शिरायची. तिचे दोन्ही हात दोन वेगळ्या बोंडांवर चालायचे, आणि तोंड तिसरीकडेच, शेजारणीची थट्टा करण्यात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. संध्याकाळी ती वाटीत जवसाचं तेल कोमट करून बोटं बुडवायची. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. सातवीत गेल्यावर तिनं मला शेतातून हाकललं. "तू तेलुगू शीक, विंग्रजी शीक, काहीबी शीक," म्हणायची, "इकडं काऊन येऊन राह्यली?" दादा शिकून मास्तर झाला, मी नर्स झाले. माय वेचतच राहिली.

मिसिसिपीत पहिल्या ऑक्टोबरात बसच्या खिडकीतून शेतं दिसली आणि मी जागेवरून उठलेच. डोळा पोचेल तिथवर पांढरं! पण त्या एवढ्या पांढऱ्यात एकही बाई नव्हती. लांब एक हिरवं मशीन तेवढं चाललं होतं. मला इतकं एकटं विमानातही वाटलं नव्हतं.

आता कबूल करायला हरकत नाही. पाच वर्षं मी खोटं बोलले. आमच्या मराठी लोकांचं दिवाळीला गेट-टुगेदर असायचं. तिथे चकलीची बशी हातात देतानाच बायका गाव कोणतं, आडनाव कोणतं, विचारायच्या. कशासाठी विचारतात ते त्यांनाही ठाऊक आणि मलाही. मी गोड हसून म्हणायचे, "आमची शेती आहे." शेतात माय होती हे खरं. शेत आमचं नव्हतं, एवढंच मी गाळत असे. हॉस्पिटलातही कोणी विचारलं तर हेच उत्तर. 

माझ्याबरोबर ड्यूटीला कॅरल नावाची काळी नर्स होती. तिची आत्या लोटी ऐंशी ओलांडलेली. एका रविवारी आत्याला एका जुन्या प्लँटेशनवर, कापसाच्या मळ्यावर, जायचं होतं. आत्याची आजी, हॅना, तिथे गुलाम म्हणून जन्मली होती. कॅरलनं मलाही गाडीत घातलं. लोटीआत्याचं इंग्रजी पुस्तकातलं नव्हतं. का कोण जाणे, माझ्या कानात ते आमच्या बोलीतच उमटायचं, आणि तसंच ते लिहिते.

मोठ्या खांबांचं पांढरं घर होतं. गाइड पोरगी पडद्यांच्या रेशमाबद्दल, बशांवरच्या फुलांबद्दल अर्धा तास बोलली. मागच्या खोपटांतली माणसं तिच्या बोलण्यात एकदाच आली, 'नोकरमंडळी' म्हणून. आत्यानं काठी आपटली.

"नोकर? नोकराले विकत असतेत काय वं? थ्यायची नावं सांग मले."

पोरगी ओशाळली. तिनं काचेखालचा एक कागद दाखवला. मालक मेला तेव्हा केलेली यादी होती ती. खेचरं, नांगर, आणि त्यांच्याखाली माणसं. आडनाव कोणालाच नव्हतं. मधेच एक ओळ होती: हॅना, मुलगी. आत्यानं काचेवरून त्या ओळीवर बोट ठेवलं. हॅनाच्या आईला त्याच वर्षी दूर विकलं होतं. सुटका झाल्यावर हॅनानं गावोगाव विचारलं, पण आई सापडली नाही. आपला जन्मदिवसही तिला ठाऊक नव्हता. कापसाच्या दिवसांत झाले, एवढंच सांगायची. माझी मायही आपल्या जन्माबद्दल एवढंच सांगते.

खोपटांच्या बाजूला लोकांना दाखवायला म्हणून कापसाचे चार तास लावलेले होते. कॅरल आत्याला बाकावर बसवत होती आणि मी जरा पुढे गेले. पुढचं माझ्या हातांनी केलं, मी नाही. ओढणी कमरेला बांधली गेली, तिची ओटी झाली, आणि दोन्ही हात दोन बोंडांवर चालू लागले. पाचोळा न येता स्वच्छ कापूस निघत होता. नखाशी टोक घुसलं तेव्हा कुठे मी भानावर आले. मागे आत्या उभी होती.

"हे तुले कोनं शिकवलं?"

"पुस्तकात वाचलं," मी म्हणाले. पाच वर्षांची सवय होती.

तिनं माझं बोट धरलं. रक्ताचा एक थेंब आला होता. मग तिनं आपली बोटं माझ्या बोटांशेजारी धरली. नखांच्या मुळाशी बारीक पांढरे वण. लहानपणी तीही दुसऱ्याच्या शेतात वेचत होती.

"पुस्तकातून हात असा चालत नाई, पोरी."

मग मात्र मी रडले, तिथेच, तासात उभी राहून. "माझ्या मायनं शिकवलं," मी म्हणाले. "ती मजूर आहे. अजूनही वेचते." अमेरिकेत हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

आत्यानं हॅनाचं सांगितलं. संध्याकाळी तराजूपाशी "किती?" म्हणून विचारायचे, आणि कमी भरलं तर चाबूक. म्हातारपणी नातवंडांनी सहज "किती वाजले?" विचारलं तरी ती दचकायची. हे आणि आमचं एकच आहे असं मी कधीच म्हणणार नाही. मायला कोणी विकलं नाही, माझ्यापासून तोडलं नाही. मी तिच्यापासून दूर आले ती माझ्या पायांनी, आणि तिचं नाव लपवलं तेही मीच.

त्या आठवड्यात मी दादाला लिहिलं, सगळं मायला वाचून दाखव म्हणून. खोटं बोलले तेही, शब्द मोडला तेही. महिनाभर मी दारातल्या पत्रपेटीकडे धाकधुकीनं बघत होते. दादाचं उत्तर आलं. मायनं सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाली, थ्या बुढीच्या बोटाले जवसाचं तेल लाव. (इथे जवसाचं तेल लाकडी टेबलांना लावतात. तरी मी खाण्याचं शोधून आणलं आणि लोटीआत्याची बोटं वाटीत बुडवली.)

गाव आता माझ्यावाचूनही चालतं. वस्तीतल्या नव्या पोरी मला ओळखणार नाहीत. पण कोणी घर कुठे विचारलं, की मला दादाच्या त्या पत्राची शेवटची ओळ आठवते. ती लिहिताना दादाला हसू आवरत नव्हतं म्हणे. मायनं तेवढी पुन्हा पुन्हा बजावून लिहायला लावली होती:

"वेचलं तं वेचलं, पन किती वेचलं, थे इचार तिले."

ओटीसुद्धा भरली नव्हती, माय.